गार्सिया द ओर्ता : संशयाच्या सावलीतील एक घर

पणजीच्या चर्चचौकाजवळील उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेखाली, झाडांच्या सावलीत रोज शेकडो माणसे विसावतात. हिंदुस्थानातील वनौषधींची युरोपला शास्त्रशुद्ध ओळख करून देणारा वैद्य म्हणून हे नाव आपल्याला ठाऊक असते. मात्र ज्या घरात बसून त्यांनी ग्रंथ लिहिला, त्या घराची कहाणी क्वचितच सांगितली जाते. पती, पत्नी, आई, बहिणी आणि मेहुणा यांनी भरलेले ते घर होते, आणि त्यातील प्रत्येकाच्या जिभेवर दुसऱ्याचे प्राण टांगलेले होते.

ओर्ता यांचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलो द व्हिद या सीमेवरील गावी झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तिथेही त्यांना स्वस्थता लाभली नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करवला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. नवख्रिस्त्यांची मुले चर्चमध्ये जात, प्रार्थना म्हणत. तरीही शेजाऱ्यांच्या नजरेतील शंका पिढ्यानपिढ्या हटत नसे. गार्सिया अशाच घरात वाढले. लहानपणापासून दोन भाषा शिकाव्यात, तसे घरातील बोलणे आणि बाहेरचे बोलणे ते वेगवेगळे शिकले असणार.

मुलगा बुद्धिमान होता. सालामांका आणि आल्काला या स्पेनमधील नामांकित विद्यापीठांत त्यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. १५२३ मध्ये ते गावी परतले, १५२६ मध्ये त्यांना वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळाला आणि पुढे लिस्बन विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. प्रतिष्ठा वाढत होती, पण त्याच वेळी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन करण्याच्या हालचालीही सुरू होत्या. १५३४च्या मार्च महिन्यात ओर्ता यांनी अध्यापनाची जागा सोडली आणि मार्तिम अफोंसो द सौझा या दर्यासेनानीचे वैद्य म्हणून ते हिंदुस्थानच्या जहाजावर चढले. सप्टेंबरमध्ये जहाज गोव्याला लागले. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन अधिकृतपणे सुरू झाले. ओर्ता पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत.

आरंभीची वर्षे त्यांनी सौझा यांच्याबरोबर दीव आणि काठियावाडच्या मोहिमांत घालवली. पुढे ते गोवे शहरात स्थिरावले. मांडवीकाठचे ते शहर तेव्हा भरभराटीला आलेले होते. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्यांच्याकडून उपचार घेत, गोरगरीबही त्यांच्या दारी येत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्यांचा रुग्ण आणि स्नेही होता. त्याच्या दरबारातील हकीमांशी ते अरबी ग्रंथांवर चर्चा करीत आणि त्याच्याकडून त्यांना भरघोस मानधन मिळे. औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापारही ते करीत. १५५४च्या सुमारास मुंबईचे बेट त्यांना खंडाने मिळाले. पुढे जिथे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला उभा राहिला, तिथे त्यांचे घर आणि बाग होती. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस सर्व बाजूंनी सुरक्षित वाटला असता.

१५४०च्या दशकात त्यांचा विवाह ब्रियांदा द सोलिस हिच्याशी झाला. ती त्यांच्या नात्यातली, श्रीमंत घरची आणि तीही नवख्रिस्ती. नवख्रिस्ती कुटुंबे शक्यतो आपापसातच सोयरीक करीत. परक्या घरातून आलेली सून उद्या कोणत्या गोष्टीकडे बोट दाखवील याची त्यांना धास्ती असे. या दांपत्याला दोन मुली झाल्या, परंतु संसार सुखाचा झाला नाही. नवराबायकोचे पटत नव्हते, ही गोष्ट चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे.

संसारातील कुरबुरी कुठल्या घरात नसतात? पण या घरातील कुरबुरीला वेगळे वजन होते. नवख्रिस्त्यांच्या बाबतीत धर्मनिष्ठेची परीक्षा चर्चपेक्षा स्वयंपाकघरात अधिक होई. शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून स्वच्छ करणे, शनिवारी धुतलेली वस्त्रे नेसणे, डुकराचे मांस न खाणे, मांसावरची चरबी काढून टाकणे, वर्षातून एका ठरावीक दिवशी उपास धरणे, ही ज्यू धर्म गुप्तपणे पाळण्याची लक्षणे मानली जात. ती पाहू शकणारी माणसे म्हणजे पत्नी, पती, सासू, नणंद, मोलकरीण आणि दास. रागाच्या भरात घराबाहेर पडलेला एक शब्द संपूर्ण कुटुंबाला गिळू शकत होता. अशा घरात रुसव्याफुगव्यालाही मोकळीक नसते.

१५४९ मध्ये या घरात आणखी माणसे आली. ओर्ता यांची आई आणि दोन बहिणी लिस्बनमध्ये ज्यू असल्याच्या संशयावरून तुरुंगात पडल्या होत्या. तिथून सुटका झाल्यावर त्या गोव्यात भावाच्या आश्रयाला आल्या. तुरुंगाची भीती अंगात मुरलेली सासू आणि नणंदा, शिवाय मुळातच न रमलेली सून, असे ते कुटुंब झाले. ओर्ता यांनी ही जबाबदारी पत्करली. त्यांच्या ओळखी मोठ्या होत्या आणि त्या ओळखींच्या भिंतीआड सगळे सुरक्षित राहतील असा त्यांचा भरवसा असावा.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आले. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचे न्यायालय थाटले गेले. स्थानिक लोक त्या इमारतीला व्हडले घर म्हणू लागले आणि ते नाव उच्चारतानाही आवाज खाली आणू लागले. या न्यायालयाची पद्धत समजून घेतल्याशिवाय ओर्ता कुटुंबाची शोकांतिका कळत नाही. आरोपीला आपल्याविरुद्ध कोणी सांगितले ते कळू दिले जात नसे. साक्षीदार गुप्त, तुरुंग गुप्त, अटक होताच मालमत्ता जप्त. सुटकेचा मार्ग म्हणजे कबुली. पण नुसते स्वतःचे पाप कबूल करून भागत नसे. कोणाबरोबर उपास केला, कोणासमोर बोललात, घरात आणखी कोणाला ठाऊक होते, हे सांगावे लागे. नावे थोडी सांगितली तर कबुली अपुरी ठरे आणि अपुरी कबुली देणाऱ्याला पश्चात्ताप झालाच नाही असे मानले जाई. म्हणजे ज्याला जगायचे असेल त्याने आपल्या जवळच्या माणसाचे नाव घ्यायचे, अशी ही रचना होती. आणि नवऱ्याला बायकोइतके, बायकोला नवऱ्याइतके जवळचे कोण असते?

याच भयाच्या छायेत ओर्ता यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जोआन द एंदेम याच्या छापखान्यातून तो बाहेर पडला. हिंदुस्थानातील औषधी आणि द्रव्ये यांविषयीचे हे संवाद आहेत. ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित वैद्य यांच्यातील प्रश्नोत्तरांतून मिरी, वेलची, कापूर, हिंग, विडा, अफू, भांग, आंबा, फणस, नारळ यांची माहिती उलगडत जाते. आपल्या रानातील करवंदे आणि कोकमाच्या जातीची बिरंडाची फळे यांनाही त्यात जागा आहे. त्या घरातील जी स्त्री या पुस्तकात ठळकपणे वावरते ती अंतोनिया नावाची दासी; ती औषधे आणून देते, झाडपाल्याची नावे सांगते. स्थानिक हिंदू वैद्यांचे ज्ञानही ओर्ता आदराने नोंदवतात. पटकीच्या रोगाचे त्यांनी केलेले वर्णन आधुनिक युरोपीय वैद्यकातील पहिल्या वर्णनांपैकी एक समजले जाते. खोल गेलेले डोळे, थंड पडलेले अंग, हाताला न लागणारी नाडी, पायांत येणारे पेटके असे सारे त्यात आहे. या रोगाचे मोडशी हे आपले नावही त्यांनी जगापुढे नेले. याच पुस्तकात कवी लुईस द कामोंइश यांची कविता प्रथमच छापली गेली. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथे ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला आणि ओर्ता यांचे नाव युरोपभर पोहोचले.

पुढच्याच वर्षी, १५६८ मध्ये, ओर्ता यांचे गोव्यात निधन झाले. ज्या ओळखींची भिंत कुटुंबाभोवती होती ती त्यांच्या देहाबरोबरच कोसळली. त्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशी वर्षभर चालली. याच काळात ओर्ता यांच्या मेहुण्याने दिलेला कबुलीजबाब न्यायालयाच्या दप्तरात गेला. मोझेसचा धर्म हाच खरा, भविष्यवाण्या अजून पूर्ण व्हायच्या आहेत, येशू हा देवाचा पुत्र नव्हे, अशी मते ओर्ता खासगीत मांडत असत, असा त्याचा आशय होता. जे बोलणे जेवणाच्या पानावर, दार लावून, आपल्या माणसांत झाले असेल, ते शासनाच्या कागदावर उतरले. मेहुण्याचे नाते लग्नाने जुळते. या घरात लग्नाने जुळलेले नातेच शेवटी साक्षीदार झाले.

मेहुण्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर निवाडा कठीण होतो. मेलेल्या माणसाचे नाव घेतल्याने त्याला आणखी इजा होणार नाही आणि जिवंतांवरचा रोख थोडा वळेल, असा विचार त्या अंधारकोठडीच्या काळात कोणाच्याही मनात येऊ शकला असता. तसे झाले मात्र नाही. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मृत ओर्तांवरही खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी, निधनानंतर बारा वर्षांनी, त्यांच्या अस्थी कबरीतून उकरून काढून प्रतिमेसह जाळण्यात आल्या.

यानंतर ही गोष्ट साडेतीन शतके जवळजवळ विस्मृतीत गेली. एकोणिसाव्या शतकात काउंट फिकाल्यो यांनी ओर्तांचे चरित्र लिहिले आणि ग्रंथाची उत्तम आवृत्ती सिद्ध केली, तेव्हाही त्यांचे वैद्य म्हणून मोठेपणच लोकांसमोर आले. गोव्यातील इन्क्विझिशनचे दप्तर बहुतांशी नष्ट झाले. पण लिस्बनच्या अभिलेखागारात काही कागद उरले होते. १९३४ मध्ये आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी ते प्रसिद्ध केले, तेव्हा कातारिनाची चिता आणि तिच्या भावाच्या जाळलेल्या अस्थी जगाला पुन्हा दिसल्या.

अशा छळात विवाहाचे काय होते याचे दुसरे उदाहरण अटलांटिकपलीकडे सापडते. १६९२ मध्ये मॅसाच्युसेट्समधील सेलम येथे कडव्या प्युरिटन ख्रिस्त्यांच्या वसाहतीत चेटकिणींचा शोध सुरू झाला. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने आपल्या पत्नीच्या, मार्थाच्या, वागण्याविषयी शंका घेणारा जबाब दिला. थोड्याच दिवसांत त्याच्यावरही तोच आरोप आला. आता मात्र त्याने न्यायालयाला उत्तर देण्यास ठाम नकार दिला. तोंड उघडावे म्हणून त्याच्या छातीवर दगड रचण्यात आले आणि १९ सप्टेंबर रोजी तो मरण पावला. तीन दिवसांनी मार्थाला फाशी झाली. सेलममध्ये एकूण १९ जणांना फासावर चढवले गेले आणि वर्षभरात तो उन्माद ओसरला. गोव्यातील न्यायालय, १७७४ ते १७७८ हा अल्प खंड सोडला, तर १८१२ पर्यंत चालू राहिले. सेलमचे वेड एका गावाला एकदा चढले. गोव्यातील संशयाला कचेरी होती, पगारी अधिकारी होते आणि दप्तर होते.

ओर्तांच्या पिढीनंतर या कचेरीचा रोख प्रामुख्याने बाटवलेल्या स्थानिक कुटुंबांकडे वळला. १७३६च्या हुकूमनाम्याने लग्नघरातील जुने विधी, गाणी, विडा आणि हळद यांवरही बंदी घातली. तुळस, सोवळे, बिनमिठाचा भात, अशा गोष्टी पुरावा ठरू लागल्या. शुक्रवारी स्वच्छ केलेल्या ज्यू घराला जी भीती होती, तीच आता गोमंतकीय लग्नमंडपात शिरली. अनेक हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगेजांच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला कानडा मुलखात गेली. आजही अनमोड घाट चढून उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात गेले की कोकणी कानावर पडते आणि ओर्तांनी वर्णिलेली मिरी, करवंदे, कोकम त्या रानातही भेटतात. राज्याच्या सीमा बदलल्या, भाषा आणि झाडे दोन्ही बाजूंना तीच राहिली.

ओर्तांच्या ग्रंथाचे बळ एका साध्या सवयीत आहे. स्वतः पाहिल्याशिवाय ते मान्य करीत नसत. प्राचीन ग्रीक आचार्यांनी लिहिले म्हणून ते खरे, असे त्यांनी मानले नाही. दोन माणसांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत आणि मोकळेपणाने उत्तरे द्यावीत, यावर त्यांचा विश्वास होता. हा मोकळेपणा त्यांना छापील पानांवर मिळाला, स्वतःच्या घरात मिळाला नाही. ब्रियांदा आणि गार्सिया यांच्या संसारातील खरे दुःख हेच असावे. जिथे मनातील बोलणे हाच गुन्हा ठरतो, तिथे नवराबायकोला भांडण्याचीही सोय उरत नाही आणि भांडण मिटवण्याचीही नाही. चितेची आग चौकात पेटण्यापूर्वी कितीतरी वर्षे तिची धग अशा घरांत पोहोचलेली असते.