अमेलिया एअरहार्ट

थोर व्यक्तींपैकीं कांहींचा शेवट सर्वांस ठाऊक असतो, तर कांहींचा कोणासच कळत नाहीं. आणि ज्यांचा शेवट कळत नाहीं त्यांच्याविषयीं लोकांत नाना कथा उठतात. आपल्या सातारकरांस हें नवें नाहीं. छत्रपति प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यासाठीं विलायतेस जाऊन वर्षानुवर्षें झगडलेले रंगो बापूजी १८५७ सालीं जे निसटले, ते पुन्हां सरकारच्या हातीं लागले नाहींत. अशाच, परंतु सातासमुद्रांपलीकडील एका स्त्रीचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. अमेलिया एअरहार्ट हें तिचें नांव. तिच्या नाहींशा होण्याचें गूढ जगप्रसिद्ध आहे. परंतु त्या गूढाच्या नादीं लागून तिचें जीवित विसरणें योग्य नव्हे, असें आम्हांस वाटतें.

अमेलियेचा जन्म २४ जुलै १८९७ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत ॲचिसन या गांवीं झाला. वडील वकील होते. परंतु त्यांस मद्याचें व्यसन जडलें, आणि कुटुंबास ठिकठिकाणीं बिऱ्हाड हलवावें लागलें. लहानपणीं ही मुलगी लांकडी फळ्यांची घसरगुंडी रचून छपरावरून खालीं येई. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ती कॅनडांतील टोरांटो शहरीं बहिणीस भेटावयास गेली असतां तिनें घायाळ शिपाई पाहिले, आणि शिक्षण बाजूस ठेवून ती तेथील लष्करी इस्पितळांत शुश्रूषेस राहिली.

१९२० च्या डिसेंबरांत ती कॅलिफोर्नियांत प्रथमच विमानांत बसली. ती फेरी अवघ्या दहा मिनिटांची होती. परंतु खालीं उतरतांना विमानविद्या शिकण्याचा तिचा निश्चय झालेला होता. पुढच्याच महिन्यांत नीटा स्नूक या वैमानिक बाईंजवळ तिची शिकवणी सुरू झाली. त्या खर्चासाठीं तिनें टेलिफोन कंपनींत व इतरत्र मिळेल तें काम केलें. १९२२ सालीं ती १४,००० फूट उंच चढली. तोंपर्यंत कोणतीही स्त्री इतकी उंच गेली नव्हती. पुढें घरची स्थिति खालावली, तेव्हां तिनें विमान विकलें व बोस्टन येथें परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या सेवेचें काम पत्करलें.

१९२८ च्या जूनांत दोन पुरुषांसमवेत विमानानें अटलांटिक महासागर ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. जगानें जयजयकार केला. परंतु त्या प्रवासांत विमान तिनें चालविलें नव्हतें, आणि न केलेल्या कामाचा मान तिच्या मनास टोंचत राहिला. म्हणून चार वर्षांनीं, २० मे १९३२ रोजीं, ती न्यूफाउंडलंडहून एकटीच निघाली. वाटेंत उंची दाखविणारें यंत्र बिघडलें, पंखांवर बर्फ सांचलें, यंत्राच्या नळीस चीर पडून ज्वाळा दिसूं लागल्या. सुमारें पंधरा तासांनीं ती आयर्लंडमधील एका कुरणांत उतरली. अटलांटिक एकटीनें ओलांडणारी ती पहिलीच स्त्री होय. १९३५ सालीं तिनें हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंत एकटीनें उड्डाण केलें. त्याच सुमारास पर्ड्यू विद्यापीठांत ती मुलींस त्यांच्या भावी उद्योगाविषयीं सल्ला देऊं लागली, आणि तेथील साह्यानें तिला दोन यंत्रांचें ‘इलेक्ट्रा’ विमान मिळालें.

आतां विषुववृत्ताच्या आसपासच्या मार्गानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी असें तिनें ठरविलें. मार्च १९३७ मधील पहिला प्रयत्न हवाई बेटांत विमान मोडल्यामुळें फसला. तें दुरुस्त करून १ जून रोजीं मार्गदर्शक फ्रेड नूनन यांच्यासह तिनें मायामी सोडलें. दक्षिण अमेरिका व आफ्रिका मागें टाकून ती कराचीस आली. आणि १७ जून रोजीं कराची ते कलकत्ता असा सबंध देश तिनें एका दिवसांत ओलांडला. वाटेंत घिरट्या घालणाऱ्या गरुडांनीं तिला चिंता लाविली, आणि पुढें मृगाच्या पावसानें गांठलें. दमदमच्या चिंब मैदानांतून दुसऱ्या दिवशीं जड विमान उचलतांना तिच्या कौशल्याची कसोटी लागली.

जूनच्या अखेरीस ती न्यू गिनींतील लाए येथें पोंचली. सुमारें २२,००० मैल झाले होते, ७,००० उरले होते. पुढील मुक्काम प्रशांत महासागरांतील हौलंड बेट. तें २,५५६ मैलांवर, म्हणजे सातारा-सांगली अंतराच्या तीस पटींहून अधिक दूर. आणि क्षेत्र म्हणाल तर जेमतेम साडेचारशे एकर! २ जुलै रोजीं विमान निघालें. बेटाजवळ उभ्या असलेल्या ‘इटास्का’ जहाजास तिचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. परंतु बेट दृष्टीस पडत नव्हतें व इंधन संपत आलें होतें. सकाळीं पावणेनऊच्या सुमारास शेवटचा संदेश आला; मग सारें शांत झालें. नौदलानें अडीच लक्ष चौरस मैल समुद्र धुंडाळला, परंतु कांहींच सांपडलें नाहीं. ५ जानेवारी १९३९ रोजीं न्यायालयानें तिला मृत ठरविलें.

असें कां झालें? दिशा काढण्यासाठीं कोणत्या लहरींवर बोलावयाचें याविषयीं विमान व जहाज यांच्यांत नीट एकवाक्यता नव्हती. मोर्स लिपींत अमेलिया व नूनन दोघेही निष्णात नव्हते. नकाशावरील बेटाची जागाही कांहीं मैलांनीं चुकलेली होती. धैर्य पर्वताएवढें होतें. उणीव राहिली ती अशा बारीकसारीक गोष्टींत.

पुढें तर्कांस ऊत आला. जपान्यांनीं तिला कैद केलें असें कित्येक म्हणतात. त्याचा पुरावा म्हणून २०१७ सालीं पुढें आलेलें छायाचित्र १९३५ च्या एका पुस्तकांतील निघालें. निकुमारोरो बेटावर १९४० सालीं मानवी हाडें सांपडलीं. तीं पुरुषाचीं असावींत असें एका डॉक्टरानें ठरविलें, आणि नंतर तीं गहाळ झालीं. २०१८ सालीं एका शास्त्रज्ञानें जुन्या मोजमापांवरून तीं तिचींच असण्याचा संभव दाखविला. परंतु हाडेंच हातीं नसल्यानें वाद मिटला नाहीं. २०२४ च्या आरंभीं समुद्रतळाच्या एका प्रतिमेंत विमान दिसल्याचा गाजावाजा झाला. वर्ष सरण्यापूर्वींच तो खडक ठरला. विमान इंधन संपून हौलंडजवळच बुडालें असावें, असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे.

विद्यार्थीहो, जें कळलेलें नाहीं तें कळलें आहे असें म्हणूं नये, हा या गूढाचा पहिला धडा. आणि साहसाच्या जोडीस सूक्ष्म तयारी हवी, हा दुसरा. पालकांस मात्र आम्हीं निराळें सांगावयाचें आहे. अमेलिया परतली नाहीं, म्हणून मुलींनीं घराबाहेर झेंप घेऊं नये असा अर्थ कोणीं काढूं नये. ती नाहींशी होण्याच्या आदल्याच वर्षीं लाहोरास सरला ठकराल या तरुणीनें एकटीनें विमान उडविलें होतें. आणि १९८५ सालीं कप्तान सौदामिनी देशमुख यांनीं, सर्व कर्मचारी स्त्रियाच असलेलें विमान कलकत्त्याहून सिल्चरास नेलें. अमेलिया कोठें पडली हें समुद्रास ठाऊक. परंतु तिनें उघडलेली वाट मिटली नाहीं. आपल्या कन्येनें त्या वाटेकडे बोट दाखविलें, तर तिला मागें ओढण्यापूर्वीं तिची तयारी किती झाली आहे एवढेंच विचारावें.