माळावरचे बिऱ्हाड

गुजरातची हद्द जिथे हाकेच्या अंतरावर येते, त्या अच्छाडजवळच्या एका चिकूच्या वाडीत माझ्या लहानपणीच्या सुट्ट्या गेल्या. वाडी म्हणजे आमच्या डहाणू-तलासरीकडे बाग. विहिरीवर एक जुना पंप होता. त्याला कुणी पंप म्हणत नसे. ‘किर्लोस्कर चालू कर’ एवढेच म्हणत. हे कुणा माणसाचे आडनाव आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या माणसाचीही एक वाडी होती, पण तो तिथे राहायला गेला तेव्हा तिथे निवडुंगाखेरीज फारसे काही उगवत नव्हते, हे तर त्याहून उशिरा.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ती. मुलाचे लक्ष मात्र पोथीत नाही आणि शाळेतही नाही. त्याला चित्रे काढायची होती आणि यंत्रे उघडून बघायची होती. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून तो मुंबईला जे. जे. कला शाळेत पोचला. तिथे कळले की काही रंग त्याला नीट ओळखताच येत नाहीत. झाले, चित्रकार होणे संपले. पण यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत, पेन्सिल पुरते. त्याच जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले.

तिथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सोडता आली, कारण बेळगावात १८८८ पासून दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी तिथे विकायच्या. दुकानावरची पाटी ‘किर्लोस्कर बंधू’. ती पुढे साऱ्या देशाला इंग्रजीत पाठ झाली, पण तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा: दोन भाऊ, एक धंदा, एकच चूल.

सायकलींवरून ते कडबा कापायच्या यंत्राकडे वळले आणि तिथून लोखंडी नांगराकडे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! दोन वर्षे लोखंड पडून आणि घरात खाणारी तोंडे, हा हिशेब घरातल्या बायकांनी कसा जुळवला असेल, ते कोणत्याच खतावणीत नाही.

पुढे बेळगावातली कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण ते स्वतः चित्रकारही होते. त्यांनी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम दिले, दहा हजार रुपये कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन तिथे उतरले. माळ, निवडुंग आणि साप. थोरला शंतनू तेव्हा सात वर्षांचाही झाला नव्हता.

एरवी कारखानदार आधी भट्टी उभारतो आणि कामगाराने राहायचे कुठे ते त्याचे तो बघतो. इथे माणसे आणि यंत्रे एकदमच आली. इंग्लंड-अमेरिकेतल्या मासिकांतून कामगारांच्या वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. तशीच वस्ती त्यांना हवी होती. शिवाशीव पाळायची नाही, हा तिथला नियम. रखवालीला त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली आणि त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या. हिशेब बघायला मंगेशराव रेगे, यंत्रांकडे शंभोअण्णा जांभेकर, वस्तीच्या आखणीला रामूअण्णा. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून आमच्या आज्या-आयांचे वाचन घरपोच येऊ लागले, हे आजही नवलाचे वाटते.

आता एक मनातले बोलतो. कारखाना घरासारखा चालवला याचे आपण कौतुक करतो, पण घर म्हटले की कर्ता आला आणि कर्त्याचा शब्द शेवटचा असतो. वाडीतल्या प्रत्येकाला ते सुखाचे गेले असेल असे मी मानत नाही. आणि या घराची खरी किंमत लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी मोजली. भरल्या बेळगावातला संसार मोडून त्या माळावर आल्या, तिथे नव्याने चूल मांडली, मुले वाढवली. शंतनुरावांनी आत्मचरित्र लिहिले, शंकररावांनीही विपुल लिहिले. राधाबाईंनी स्वतः लिहिलेले काही माझ्या वाचनात आलेले नाही.

१९२२ मध्ये शंतनू आणि पुतण्या माधव या दोघांना लक्ष्मणरावांनी अमेरिकेत एमआयटीला पाठवले. कारखान्याला शिकलेले इंजिनिअर हवे होते, आणि मुलगा व पुतण्या यांत फरक करण्याची घरात रीत नव्हती. माधवला तिथे क्षयाने गाठले. तो परत आलाच नाही. १९२६ मध्ये शंतनू एकटाच पदवी घेऊन आला. त्याच साली वाडीत पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. आमच्या विहिरीवरच्या पंपाचा हा पूर्वज. किर्लोस्करांच्या कुठल्याही इतिहासात पंपाचे साल ठळक असते. मला मात्र त्या सालाशी, एकट्याने परतलेल्या मुलाला उतरवून घ्यायला गेलेला बाप आठवतो.

पुढची वर्षे भरभराटीची. हरिहर, बंगळूर, पुणे असा पसारा वाढला. १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, तर रवींद्र यांनी बंगळुरात विजेच्या मोटारींचा.

मग १९४८ साल आले. गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले, त्यात वाडीही सुटली नाही. कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या मुलुखातल्या शेतकऱ्याला नांगर घ्यायला लावण्यात उमेद गेली, त्याच मुलुखात हे झाले. एखाद्याने वाडीचे नावच टाकले असते. किर्लोस्करांनी ती पुन्हा उभी केली, आणि यंत्रे पुन्हा फिरू लागलेली लक्ष्मणरावांनी पाहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात ते गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे. मी तिथे उतरलो तेव्हा आधी नजर गेली ती झाडांकडे. चांगली जुनी, दाट सावलीची झाडे.