'श्यामची आई' पुन्हा वाचताना : साने गुरुजींची जीवनकथा



२४ डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांमधून साने गुरुजींवरची भाषणं सुरू होतात. मुलं जन्मतारीख, गाव, आईचं नाव, पुस्तकांची नावं धडाधड म्हणतात आणि टाळ्या घेऊन जागेवर बसतात. मीही लहानपणी असंच भाषण केलं होतं. मागच्या वर्षी मात्र चौथीतल्या एका मुलाने मला अडवलं. मी 'श्यामची आई'मधली चोरीची गोष्ट वर्गात वाचून दाखवत होते. त्याने विचारलं की श्यामने खरंच चोरी केली असेल, तर ती त्याने स्वतःच सगळ्यांना का सांगितली?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याला कारणही होतं. त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली होती. मी सगळ्यांची दप्तरं उघडायला लावली होती, दोघातिघांकडे जरा संशयानेच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पेटी माझ्याच टेबलाच्या खणात वह्यांखाली सापडली. मी ती मुलीला देऊन टाकली आणि पुढचा धडा सुरू केला. मुलांना काहीच सांगितलं नाही.

त्या रात्री नारायण पेठेतल्या आमच्या घरी मी 'श्यामची आई' पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. लहानपणी वाचलं तेव्हा आईसाठी रडू यायचं. या वेळी लक्ष राहिलं ते गोष्ट सांगणाऱ्याकडे. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगते.

पालगडचा पंढरी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड या गावी झाला. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात आहे. घराणं खोतांचं, पण पांडुरंग मोठा होईपर्यंत वैभव ओसरलं होतं आणि कर्ज वाढत होतं. आई यशोदाबाईंनी त्या ओढगस्तीत संसार केला आणि मुलांना वळण लावलं. प्राथमिक शाळा पालगडला, पुढची दापोलीला. पैशांअभावी शिक्षण अडलं तेव्हा हा मुलगा औंध संस्थानात शिकायला गेला आणि नंतर पुण्याला आला.

पुण्यात ते नूतन मराठी विद्यालयात शिकले. १९१७ साली, ते असे शिक्षणासाठी दूर असतानाच, आई गेली. शेवटच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. तरीही शिक्षण सोडलं नाही. १९१८ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, शिकले. आमच्या पेठेतून ही दोन्ही ठिकाणं चालत गाठता येतात. मुलांना हे सांगितलं की पुस्तकातला श्याम त्यांना एकदम जवळचा वाटू लागतो.

सहा वर्षांचे शिक्षक

तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. तिथून १९२४ साली त्याच गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घर सोडून आलेल्या मुलांची अंथरुणं ते स्वतः नीट करायचे, कपडे धुवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे. मुलांना हुकूम द्यायच्या आधी ते काम स्वतः करायचे, आणि मग मुलं आपोआप उठून मदतीला यायची. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचं हस्तलिखित काढत. एक शिक्षक दिवसभर शिकवून रोज मुलांसाठी हाताने लिहून काढतो, हे नुसतं मनात आणून पाहा. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं.

ही नोकरी जेमतेम सहा वर्षं टिकली. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. पुढे त्यांना वारंवार तुरुंगवास झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हातात आहे.

पाच दिवसांतलं पुस्तक

त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला. पुस्तक १९३५ साली छापून आलं. तेव्हा आईला जाऊन पंधरा वर्षांवर काळ लोटला होता, वर्ग सुटला होता, समोर एकही मूल नव्हतं. तरी पुस्तकाची मांडणी बघा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. तुरुंगातही त्यांनी आपल्याभोवती ऐकणारी मुलं बसवलीच होती.

आणि तो सांगतो काय? स्वतःचा मोठेपणा नाही. पोहायला जायची भीती वाटली म्हणून तो लपून बसला आणि आईने शिंपटीने मारून त्याला विहिरीवर पाठवलं. इतरांच्या आधी मिळावीत म्हणून त्याने फुलं उमलायच्या आधीच तोडली. पुस्तक हवं म्हणून पैसे चोरले. एका रात्री तर चूक आईचीच आहे. भाजीत मीठ घालायला ती विसरते. घरचे सगळे न बोलता जेवतात आणि शेवटी ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ती हसून सोडून देत नाही, तिला मनापासून वाईट वाटतं.

लहानपणी मला वाटायचं की हे पुस्तक एका आदर्श आईचं आणि गुणी मुलाचं आहे. आता वाटतं की हे चुकणाऱ्या माणसांचं पुस्तक आहे. एक शिक्षक मुलांपुढे बसतो आणि आपण कुठे कुठे चुकलो, हे एकेक करून सांगतो. म्हणून ते उपदेशासारखं लागत नाही. ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की हा माझ्यासारखाच होता, म्हणजे मलाही सुधारता येईल.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी यावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या आणि माधव वझे श्याम झाले. त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तो पाहायला मात्र गुरुजी उरले नव्हते.

आणखी गोष्टी, आणि गोष्टीबाहेरचं काम

गुरुजींची दुसरी पुस्तकंही पालकांनी घरात आणावीत. मुलांसाठी त्यांनी 'गोड गोष्टी' या मालेत परदेशी कथाही मराठी करून सांगितल्या. व्हिक्टर ह्यूगोची प्रचंड फ्रेंच कादंबरी त्यांनी 'दुःखी' या नावाने मुलांपर्यंत आणली. जॉर्ज एलियटच्या कादंबरीतला विणकर त्यांच्याकडे 'मनूबाबा' झाला. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत.

पण ते नुसते लिहीत बसले नाहीत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं. १० मे रोजी ते सुटलं आणि मंदिर सर्वांसाठी खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. त्याचं कार्यालय आज आमच्या शेजारच्या शनिवार पेठेत आहे.

गांधीजींच्या खुनाने त्यांना फार मोठा धक्का बसला होता. तेव्हा त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पुढच्या काळात त्यांचं मन खचत गेलं आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. वय होतं पन्नास. हा भाग आपण भाषणांतून गाळतो. चौथीच्या मुलांना तपशील सांगायची गरज नाही, हे खरंच. पण सातवी-आठवीतल्या मुलाने विचारलं तर खोटं सांगू नये, आणि त्याला थोर त्यागही म्हणू नये. दुसऱ्यांसाठी एवढं रडणाऱ्या माणसाचं मनही थकू शकतं, दुखू शकतं, आणि असं झालं की लपवून न ठेवता जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं असतं, मदत मागायची असते, एवढं जरूर सांगावं. ही आपली जबाबदारी आहे.

मग मी काय केलं

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. कंपासपेटी माझ्याच खणात होती, दप्तरं तपासायला लावली ही माझी चूक, ज्यांच्याकडे संशयाने पाहिलं त्यांची मी माफी मागते, असं वर्गाला सांगितलं. बोलताना आवाज थोडा कापत होता. मुलं गप्प होती. मग ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा म्हणाला की बाई, आता कळलं श्यामने का सांगितलं ते. मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी आली आणि वाचनपेटीतलं पुस्तक आपल्याकडून फाटल्याचं हळूच सांगून गेली. ते पुस्तक आम्ही दोघींनी मिळून चिकटवलं.

पालकहो, या वर्षी मुलांकडून भाषण जरूर पाठ करून घ्या. पण त्याआधी एक रात्र 'श्यामची आई'मधली कोणतीही एक गोष्ट मुलाजवळ बसून वाचा, आणि वाचून झाली की तुमच्या लहानपणची एक चूक त्याला सांगा. सुरुवात मोठ्यांनी करायची, मुलं पाठोपाठ येतात. गुरुजी छात्रालयात नेमकं हेच करत होते.