छात्रालयातील माउली

सज्जनहो, आळंदीची ज्ञानोबा माउली आणि पंढरीची विठाई माउली आपल्या मुखी नित्य आहेत. पुरुषाला आई म्हणून हाक मारायला वारकऱ्याला शिकवावं लागत नाही. असंच आईपण सुमारे शंभर वर्षांमागे खानदेशातील अमळनेरच्या मुलांना एका शाळामास्तराच्या ठायी सापडलं. मास्तरांचं नावही पाहा कसं जुळून आलं : पांडुरंग सदाशिव साने. पुढे महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हटलं.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घर एके काळचे बऱ्यापैकी, पण वडिलांच्या काळात गरिबी आली. आई यशोदाबाई यांनी त्या गरिबीतही मुलाला स्वाभिमान आणि दया यांचे बाळकडू पाजले. शिक्षणासाठी मुलगा दापोली, औंध, पुणे असा परगावी हिंडला. औंधला स्वतःच्या हाताने शिजवून खावे, कधी उपाशीच पडून राहावे, असे दिवस काढले. शिकायला दूर असतानाच १९१७ साली आई गेली. परगावी एकट्या पडलेल्या मुलाला भूक कशी लागते, आजारात कपाळावर कुणाचा तरी हात असावा असं कसं वाटतं, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेलं नव्हतं.

एम. ए. च्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. अमळनेर म्हणजे बोरी नदीच्या काठचं सखाराम महाराजांचं गाव, वारकऱ्यांना परिचयाचं. पण तत्त्वज्ञानाच्या कोरड्या चर्चेत गुरुजींचे मन रमेना. १९२४ च्या जूनमध्ये ते तेथीलच हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. या शाळेला पुढे प्रताप हायस्कूल असे नाव मिळाले. वर्गात शिकवणं उत्तमच होतं, पण त्यांची खरी साधना सुरू झाली ती शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी अंगावर आल्यावर.

छात्रालय म्हणजे काय, हे ज्यांनी लेकरू तिथे ठेवलंय त्यांना सांगायला नको. खेड्यापाड्यांतली पोरं, घर सुटलेलं, वय अडनिडं. खोलीत पसारा, कंदिलाच्या काचा काजळलेल्या, कपडे भिजत पडलेले. दुसरा एखादा गृहपती असता तर छडी घेऊन उभा राहिला असता. गुरुजींनी काय केलं? मुलं शाळेत किंवा खेळायला गेली, की ते हळूच खोल्यांतून फिरायचे. अंथरुणाच्या घड्या करायचे, केर काढायचे, काचा पुसायचे. कुणाचे कपडे भिजत राहिलेले दिसले तर धुऊन वाळत घालायचे. बोलायचे मात्र चकार शब्द नाहीत.

मुलं परत येऊन बघतात तो खोली लखलखीत! हे कोण करतं, हे लपून किती दिवस राहणार? कळलं तेव्हा मोठमोठी आडदांड पोरंसुद्धा खाली मान घालून उभी राहिली. मग हातात केरसुणी घ्यायला कुणाला सांगावं लागलं नाही. जनाबाईसंगे दळण दळणाऱ्या देवाची कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. तीच कथा इथे रोजच्या व्यवहारात उतरली होती.

कुणी आजारी पडला तर गुरुजी रात्र रात्र उशाशी बसत. फी भरायला पैसे नसले तर आपल्या पगारातून देत. जे तोंडाने सांगता येत नाही त्यासाठी त्यांनी आणखी एक वाट काढली. रात्री सगळे निजल्यावर ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. सकाळी मुलं त्याच्याभोवती गोळा होत. चारचौघांत नाव घेऊन कुणाला लाजवायचं नाही, पण मनाला लागेल ते सांगायचं, अशी ती रीत होती. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी काढलं.

जेमतेम सहा वर्षांचा हा काळ. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. तुरुंगवास झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज घरोघरी आहेत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली.

पंढरपूरची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. अस्पृश्य मानलेल्या भावंडांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येत नाही, हे शल्य गुरुजींना सोसवेना. आधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिराचे दार सर्वांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. छात्रालयात एक लेकरू उपाशी राहिलं तर ज्याला घास गोड लागत नव्हता, तो माणूस देवाच्या दारात लेकरं ताटकळलेली कशी पाहणार? अमळनेरची वाटच पंढरपूरला पोचली, एवढंच.

आता जड मनाने शेवट सांगायचा. ११ जून १९५० रोजी मनावरचा भार असह्य होऊन गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघं पन्नास. याची कारणं शोधून निवाडा करणं आपलं काम नव्हे. तो मार्ग अनुकरणाचा नाही आणि त्याने त्यांचं पुण्यही उणं होत नाही. मात्र एक बोध घ्यावा. दुसऱ्याची आसवं पुसणारा माणूस स्वतःची लपवून ठेवतो. जो सगळ्यांची माउली झाला, त्यालाही कधी माउली लागते. त्याला विचारायचं राहून जातं.

वारकरी बंधुभगिनींनो, आज आपली मुलं-मुली शिक्षणासाठी वसतिगृहात राहतात. मार्क किती पडले, एवढंच आपण फोनवर विचारतो. पोटभर जेवतोस का, झोप लागते का, मन कशात आहे, हे विचारायला पैसा पडत नाही. पोर गप्प गप्प राहू लागलं, जेवणावरून त्याचं मन उडालं, तर रागे भरू नये. जवळ बसावं, ऐकून घ्यावं, मास्तरांशी बोलावं, गरज पडली तर वैद्याला दाखवावं. आणि त्या मास्तरांचीही विचारपूस करावी. वारीत मागे राहिलेल्याचा हात धरून आपण त्याला दिंडीत आणतोच ना? ती सवय घरी गेल्यावर सुटू देऊ नये. विठाईला आवडणारी सेवा याहून वेगळी ती काय असणार!

रामकृष्णहरि.