बी.ए.वर थांबलेले गणिती : दामोदर कोसंबी

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे मुलाची शाखा ठरते. पुढे तो तिच्याबाहेर सहसा डोकावत नाही. एकाच विषयाला वाहून घेण्याचा सल्ला दामोदर धर्मानंद कोसंबी यांनाही मिळाला होता, तोही हार्वर्डमध्ये. त्यांनी तो मानला नाही.

गोव्यात ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली व बौद्ध वाङ्मयाचे गाढे पंडित. त्यांच्याबरोबर ते १९१८ साली अमेरिकेला गेले. शाळा संपल्यावर मध्यंतरी भारतात राहून १९२६ मध्ये ते परतले आणि हार्वर्डमध्ये शिकू लागले. तेथे जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखा गणिती गुरू लाभला. या मुलाने गणितावरच चित्त एकाग्र करावे, असे बर्कहॉफ यांना वाटे. पण कोसंबींनी नाना विषय घेतले, त्यांत उत्तम यश मिळवले आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत ते बी.ए. झाले. पीएच.डी.च्या वाटेला ते गेले नाहीत.

काशी व अलीगढ येथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. येथेच त्यांच्या गणिताला अनपेक्षित फाटे फुटले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरावे तितके सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. हे सूत्र धरून त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली, त्यांचा कालक्रम लावू पाहिला. नाणी पाडणारे राजे कोण, हा प्रश्न मग इतिहासाकडे आणि इतिहास संस्कृत पोथ्यांकडे घेऊन गेला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली, तर भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखवणारा ग्रंथ १९५६ साली निघाला. दरम्यान, १९४४ मध्ये मांडलेले जनुकांमधील अंतराचे त्यांचे सूत्र अनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या भटकंतीची किंमतही त्यांना मोजावी लागली, हे सांगितले पाहिजे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले होते. १९५९ साली त्यांनी रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा केला, तोही कृषि-सांख्यिकीच्या नियतकालिकात! तो टिकला नाही आणि गणितींमधली त्यांची पत ढासळली. अशा वेळी बर्कहॉफ यांचा सल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

कोसंबी पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर अश्मयुगीन हत्यारे वेचत हिंडत, खेडोपाडीच्या देवतांची ठाणी पाहत. २९ जून १९६६ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्या पायपिटीतून निघालेले त्यांचे लेखन आज इतिहासाच्या वर्गात वाचले जाते.