मंडालेची कोठडी आणि लोकमान्यांचे पथ्य

लोकमान्य टिळक म्हटले की ‘केसरी’ आणि मंडालेचा तुरुंग डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या तुरुंगात त्यांच्या सोबतीला मधुमेहही होता, याचे मात्र फारसे स्मरण राहत नाही.

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीस झाला. लहानपणी त्यांची प्रकृती तोळामासाचीच होती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस सारून तालमीला व पोहण्याला दिले. निश्चयाने शरीर घडविता येते, हा अनुभव त्यांनी विशीच्या आतच गाठीशी बांधला.

22 जुलै 1908 रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. इन्सुलिन अद्याप सापडले नव्हते. पथ्याखेरीज वैद्यकाच्या हातीही फारसे काही नव्हते. अशा रुग्णासाठी ब्रह्मदेशातील कडक उन्हाळ्याचा तुरुंगवास जीवघेणा ठरू शकला असता.

टिळकांनी आहाराची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. नेहमीचे अन्न कमी करून त्यांनी सातूच्या पिठावर भर दिला. कुलकर्णी नावाचा कैदी त्यांचा स्वयंपाक करी. वाचन, लेखन, जेवण, विश्रांती यांच्या वेळा ठरलेल्या असत. रोग आटोक्यात राहिला. 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून झाले. जून 1912 मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता आली. तो आघातही त्यांनी एकाकीपणे सोसला. जून 1914 मध्ये ते पुण्यास परतले आणि पुन्हा राजकारणात उतरले.

मधुमेह मात्र बरा झाला नव्हता. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी 1922 मध्ये ते प्रथमच रुग्णास टोचले गेले.

आपण हे करू शकतो, या विश्वासाचे महत्त्व मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये सिद्धांतरूपाने मांडले. असा विश्वास असणारे मधुमेही पथ्य, व्यायाम व औषधे अधिक नेटाने पाळतात, असे अभ्यासक सांगतात. आज गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, घरच्या घरी साखर तपासण्याचे यंत्र आहे. ही साधने डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायलाच हवीत. तथापि ताटात काय वाढून घ्यायचे, हा निर्णय आजही रुग्णाचाच असतो. मंडालेत पारतंत्र्यातील एका कैद्याने तो अधिकार शेवटपर्यंत सोडला नाही.