निजामाला नमवणारे हेडमास्तर

सुट्टीत पेरुंगुडीला घरी गेलो होतो, तेव्हा इमारतीतल्या एका तमिळ मित्राला सांगितले की माझ्या आजोबांचे गाव १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालेच नव्हते. त्याला ते खरे वाटेना. गाव आताच्या लातूर जिल्ह्यातले, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातले. त्या दिवशी त्याला स्वामी रामानंद तीर्थांबद्दल जे सांगितले, तेच इथे जरा नीट लिहितो.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, तेव्हा त्यांनी आयुष्यभर ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. वय सोळा, माझ्याहून फक्त एका वर्षाने जास्त! पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले, मग हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत हेडमास्तर झाले.

स्वामी रामतीर्थांच्या वेदान्त विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यातूनच त्यांनी संन्यास घेतला. संन्यासी म्हटला की तो हिमालयात जाणार, असे मला वाटायचे. हे मात्र मराठवाड्यातच राहिले. सर्वांत एकच आत्मा आहे असे मानणाऱ्या माणसाला समोरची वेठबिगार कशी बघवेल? संस्थानातली कितीतरी जमीन निजामाच्या खासगी मालकीची किंवा जहागीरदारांची होती. बहुतेक प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी, पण कारभार उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूत. सभा घ्यायलासुद्धा परवानगी लागे.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. ७ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी भारतात विलीन होण्यासाठी आंदोलन सुरू केले. १५ ऑगस्टला सगळा देश झेंडावंदन करत होता, तेव्हा त्यांना अटक झाली. गावोगाव रझाकारांचे अत्याचार वाढले.

शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली आपले सैन्य सोलापूरकडून आत शिरले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आम्ही कॅडेट या पाच दिवसांबद्दल तासन्‌तास बोलतो. त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल आम्हाला फारसे माहीत नसते. कारवाईनंतर काही ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही खरे आहे.

मित्राने विचारले, मग निजामाचे काय झाले? तो १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. जहागिरी मात्र १९४९ मध्येच रद्द झाल्या. स्वामीजी १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि २२ जानेवारी १९७२ ला वारले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. माझी ताई तिथेच शिकते.